सतरा एप्रिलची रिकामी रेघ

मोझेल नदीकाठ, कोखेमच्या अलीकडचा कॅम्प
सोमवार, ८ एप्रिल १९९६

प्रिय नेल,

पोचलो. तुझ्या भावाने, हार्मने, आल्समेर सोडल्यापासून ऐंशीच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागे कॅराव्हॅन जोडली की त्याला वाटतं आपण काचेची तावदानंच वाहून नेतोय. चाळीस वर्षं काचघरात शेवंती लावली, आता सवय कुठली सुटायला! मागून ट्रकवाले हॉर्न देतात आणि हा त्यांना हात हलवून दाखवतो.

काल ईस्टरला कोब्लेन्झला माझ्या मावसबहिणीकडे जेवलो, तिचा वाढदिवसही होता. अ‍ॅस्परॅगस अजून बाजारात आलेलं नाही म्हणून तिने तीनदा माफी मागितली, आणि मग तीन माणसांचं जेवण आमच्या दोघांच्या पोटात घातलं. आज हार्म चढावरचे द्राक्षमळे बघून आला. म्हणतो, "इतक्या उभ्या जमिनीवर शेती करणारी माणसं डोक्याने बरी नसणार." आपल्या सपाट देशातला माणूस, दुसरं काय बोलणार?

फोन करत नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. कॅम्पचे पत्ते आमच्या फ्रिजवर लावलेत, पत्र तिथे टाक.

आता कामं. कोंबड्यांना संध्याकाळी आत घे. जेरेनियमला पाणी कमी घाल, तुझा हात सैल आहे. आणि संडासातलं ते वर्षानुवर्षं चालणारं वाढदिवसांचं कॅलेंडर मार्चवरच राहिलंय, घाईत उलटायला विसरले. ते एप्रिलवर कर आणि तुझ्या लेकाचा, सीबेचा वाढदिवस अठराला की एकोणीसला ते बघून कळव. कार्ड घेऊन ठेवलंय. आत्या-मामींनी वाढदिवस चुकवला की काय होतं ते तुला सांगायला नको.

सतराला आम्ही मेरानोत, वाउटरकडे असू. वाउटर त्या दिवशी चाळीस वर्षांचा होईल. आम्ही येऊ का, असं मी फेब्रुवारीत विचारलं होतं. त्याचं उत्तर तुला दाखवलं नव्हतं. एका पोस्टकार्डावर तीन शब्द आले: "या. जागा आहे." वाढदिवसाची कार्डं सोडली तर पाच वर्षांत पोटच्या पोराकडून एवढंच. पण मी ते पर्समध्ये ठेवलंय.

हार्म कोणी विचारलं की सांगतो, सफरचंदाचा मोहोर बघायला चाललोय. नातीचं नाव घेत नाही. युडिथ चार वर्षांची झाली आणि आम्ही तिला फोटोतच पाहिलंय. चोवीसला त्याची सत्तरी. घरी असतो तर रिवाजाप्रमाणे गोलात खुर्च्या मांडल्या असत्या, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं असतं, आणि एक खुर्ची रिकामी आहे हे कोणीच बोललं नसतं. त्यापेक्षा प्रवास बरा.

तुझी,
तिनेके


आल्समेर
गुरुवार, ११ एप्रिल

तिनेके,

सीबेचा वाढदिवस एकोणीसला. तुझ्या जेरेनियमला चमच्याने पाणी घालते, आता तरी समाधान मान. तपकिरी कोंबडी अंडी लपवते, मला पलंगाखाली शिरल्यासारखं झाडीत शिरावं लागतं. बहात्तराव्या वर्षी हे दिवस बघायचे होते.

आता खरं सांगते. कॅलेंडर उलटलं आणि मी तशीच उभी राहिले. म्हणजे बसलेली होते, पण ते असो. एकोणीसला सीबे आहे. सातला तुझी कोब्लेन्झची बहीण आहे. अकराला दाताच्या डॉक्टरची बायकोसुद्धा आहे! सतराला काही नाही. मी चष्मा पुसून परत बघितलं. वाउटर नाही.

हार्मने पोराचं नाव काढून टाकलं? माझा भाऊ हट्टी आहे हे मला जन्मापासून माहीत आहे, पण इतका? आपल्याकडे मेलेल्या माणसाचंही नाव कोणी खोडत नाही, शेजारी बारीकसा क्रूस काढतात. आणि हा जिवंत पोराला गाळतो? घरात येणारा प्रत्येक माणूस कधीतरी तिथे बसतो, दार लावतो आणि दुसरं काही वाचायला नसतं म्हणून कॅलेंडर वाचतो. मी स्वतः तुझ्याकडे कित्येकदा बसले, पण मी आपली मार्चमधलं माझं नाव बघून उठायची.

तू हे कसं चालवून घेतलंस? मला राग आलाय. त्याला सांग, बहिणीला राग आलाय. किंवा नको सांगूस, गाडी चालवतोय तो.

नेल


लिंडाऊ, तळ्याकाठचा कॅम्प
सोमवार, १५ एप्रिल

प्रिय नेल,

पत्र मी कॅम्पच्या ऑफिसात उभ्याउभ्या वाचलं. हार्मने विचारलं, "काय म्हणते नेल?" मी म्हटलं, "कोंबड्या बऱ्या आहेत." मग तो बोटीचं वेळापत्रक बघायला गेला आणि मी बाकावर बसले. समोर तळं होतं, पलीकडे बर्फाचे डोंगर होते, फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

हार्मने काही केलेलं नाही. अक्षर माझं आहे, नेल.

नव्वदच्या डिसेंबरात संडासाला रंग दिला, आठवतं? जुन्या कॅलेंडरवर रंगाचे शिंतोडे उडाले, पानंही भरली होती. मी नवीन आणलं आणि एका दुपारी स्वयंपाकघरात बसून सगळी नावं उतरवून काढली. जुन्यावर वाउटरने स्वतःचं नाव स्वतःच लिहिलेलं होतं, सात वर्षांचा असताना, लाल पेन्सिलीने, तीन दिवसांच्या रेघा व्यापून. मला ते चांगलं आठवतं. ते बघून मी हसले आणि पुढच्या नावाकडे गेले. उतरवायचं मनातसुद्धा आलं नाही. पोटच्या पोराचा वाढदिवस आईने लक्षात राहावा म्हणून लिहून ठेवायचा? डॉक्टरच्या बायकोचा लिहायला लागतो, म्हणून तो आहे. हार्मचाही नाही, चोवीस तारीख बघ. आणि जुनं कॅलेंडर मी रद्दीत टाकलं.

आता एक्क्याण्णवचा एप्रिल आठव. हार्मची पासष्टी. वाउटर एवढ्या लांबून गाडी हाकत आला होता. हार्मने उभं राहून सांगितलं की काचघरं आता सीबे बघणार, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाउटरनेही वाजवल्या, मी बघत होते. मग तो उठून संडासात गेला. आला तो कोट चढवूनच. केक बशीत तसाच ठेवून म्हणाला, "रस्ता लांबचा आहे, निघतो."

आपण सगळ्यांनी ठरवलं की काचघरं आतेभावाकडे गेली म्हणून पोरगा रुसला. त्या दिवसापासून मी हार्मला ऐकवत आले, "आधी पोराला विचारलं असतंस तर!" पाच वर्षं, नेल. जेवताना, भांडी घासताना. आणि तो कधी उलटून बोलला नाही.

तू म्हणशील, हार्मचंही नाव नाही हे वाउटरच्या लक्षात यायला नको? ज्याला स्वतःचं नाव दिसत नाही, त्याला पुढचं काय दिसणार? सीबेचं मात्र दिसलं असणार. दोनच रेघा खाली आहे.

परवा त्याच्या दारात उभं राहायचंय. हार्मला अजून बोलले नाही.

तिनेके


आल्समेर
गुरुवार, १८ एप्रिल

माझी तिनेके,

काखेत कळसा नि गावाला वळसा! पाच वर्षं आपण काचघरांत कारण शोधत होतो आणि ते तुझ्या संडासाच्या भिंतीवर लटकत होतं.

हार्मवर चिडले होते ते शब्द मागे घेते. त्याला कळलेच नाहीत तर मागे घेण्यासारखं काही नाही म्हणा.

माझ्याही पोटात एक गोष्ट आहे, ती आज लिहिते. सीबेला काचघरं मिळाली तेव्हा मला आनंद झाला होता, आणि त्याच आठवड्यात वाउटरचं येणं बंद झालं. तेव्हापासून मी तुझ्याकडे त्याचं नाव काढायचं टाळलं. तू म्हणायचीस, "नेल समजूतदार आहे, विचारत नाही." समजूतदार कसली, भित्री होते. विचारलं आणि तू म्हणालीस की तुझ्या मुलामुळे माझा मुलगा गेला, तर मी कुठे जाऊ? आपली घरं एका कुंपणाला लागून आहेत.

आता कामाचं बोलू. मी काळं पेन घेऊन तुझ्या घरी गेले होते. तुझ्यासारखं अक्षर मला काढता येतं, शाळेच्या चिठ्ठ्यांवर मी आईच्या सह्या करायचे. म्हटलं, "वाउटर" लिहिते, वर चहाचं बोट फिरवलं की शाई पाच वर्षांची दिसेल. मग तू त्याला सांग, तुझं नाव होतंच, तू नीट बघितलं नाहीस. पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं. तुला विचारल्याशिवाय नको वाटलं.

तेव्हा एक तर मला "लिही" म्हणून कळव, नाही तर त्याला खरं सांग. दोन्हीच्या मध्ये बसून सफरचंदाचा मोहोर बघत राहू नकोस. मी तुला ओळखते.

नेल

ता.क. लिंडाऊहून सीबेला कार्ड आलं, एक दिवस आधीच. तो खूश.


मेरानो
गुरुवार, २५ एप्रिल

प्रिय नेल,

तू मला ओळखतेस. आठवडाभर मी मोहोरच बघत होते.

पण आधीपासून सांगते. सतराला दुपारी आम्ही पोचलो. खिंडीत बर्फ होतं, हार्म ताशी तीसने आला, पण आला. वाउटरच्या कानांवर पांढरे केस आलेत. त्याने हात पुढे केला, हार्मने हातात हात दिला, आणि दोघं कॅराव्हॅनचा मागचा दिवा तपासायला गेले. दिव्याला काहीच झालेलं नव्हतं. एव्हेलीनने, म्हणजे सूनबाईने, पालकाचे गोळे आणि लोण्यात परतलेला कोबी केला होता. पोरगी भली आहे, पण आम्ही पाहुणे असल्यासारखी सारखी उठत होती.

युडिथ हार्मसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि इथे बोलतात त्या जर्मनमध्ये म्हणाली, "हाच का आमच्या संडासातला आजोबा?"

वाउटर कानापर्यंत लाल झाला. "अगं, कॅलेंडरवरचा," असं पुटपुटला. एव्हेलीन म्हणाली, "मी हजारदा सांगितलं, तुमच्या देशाचं हे खूळ स्वयंपाकघरात लाव. ऐकतच नाही."

मी लगेच उठले. दार लावलं. भिंतीवर आपल्याकडे असतं तसंच कॅलेंडर, तसल्याच दोरीला. चोवीस एप्रिल: "पा", म्हणजे हार्म. नेल, मला इतकं बरं वाटलं! मग मी पानं उलटून नोव्हेंबर काढला. तेवीसला, माझ्या वाढदिवसाला, काही नव्हतं. बावीसला कोणी मास्टर आहे, चोवीसला एव्हेलीनची मावशी आहे. मी नाही.

मग माझी सगळी तयारी गळून पडली. बाहेर येऊन मी कोबीचं कौतुक केलं. मला वाटलं, ठीक आहे, फिट्टंफाट झाली. त्याला कळलंय कोणी केलं ते, आणि त्याने मला तेच परत दिलंय. पण मग मला एक कोडं पडलं. माझ्या वाढदिवसाचं कार्ड दर वर्षी त्याच दिवशी येतं, एकदाही चुकलेलं नाही. हार्मचं मात्र तीन-चार दिवस उशिरा येतं, आणि हार्म ते न वाचल्यासारखं करतो. मग माझं नाव का नाही? विचारायचा धीर होईना.

मग आम्ही फिरलो. बागांतून, किल्ल्यावर, रोपवेच्या पाळण्यात बसून डोंगरावर. ते दोरीवरचे पाळणे वाउटरच्याच हाताखाली चालतात. हार्म आत डोळे मिटून उभा होता आणि म्हणत होता, "फार छान, फार छान." सगळे सगळ्यांशी इतके नीट वागत होते की मला ओरडावंसं वाटत होतं.

तुझं पत्र तेवीसला आलं. चहाचं बोट वाचून मी हसले, आणि मग पेनाचं टोपण परत लावलंस तिथे रडले. सीबेचं म्हणशील तर, माझ्या तोंडून ते वाक्य कधीच आलं नसतं. पण मनात एकदोनदा येऊन गेलं होतं, हेही आज लिहून टाकते.

काल हार्मची सत्तरी. सकाळी वाउटर त्याला बागेत घेऊन गेला. इथे थंडी पडली की झाडांवर पाण्याचे फवारे सोडतात, पाणी मोहोरावर गोठतं आणि त्या बर्फाच्या आत फूल जगतं. हार्म परत आला तो शाळेतून आलेल्या पोरासारखा. "तिनेके, बर्फापासून बर्फानेच वाचवतात! मी चाळीस वर्षं काचेवर काच बसवत बसलो!"

कॉफीच्या वेळी हार्मने सवयीने खुर्च्या गोलात ओढल्या. पाच खुर्च्या, एक कुशनवालं स्टूल धरून. एव्हेलीन केक कापत होती. युडिथने सगळ्यांशी हात मिळवून सगळ्यांचं अभिनंदन केलं, मांजराचंसुद्धा. आणि मी केकची बशी गुडघ्यावर ठेवून बोलून टाकलं.

म्हटलं, "वाउटर, आपल्या घरच्या कॅलेंडरवर तुझं नाव नाही. ते तुझ्या पा-ने काढलेलं नाही. मी उतरवताना लिहिलं नाही."

तो म्हणाला, "माहीत आहे मा. अक्षर तुझं होतं. पा-चं असतं तर मी तिथेच भांडलो असतो."

म्हणजे तो बापावर रुसलाच नव्हता, नेल. पाच वर्षं मी ज्याच्या नावाने खडे फोडले त्याच्यावर नाही. माझ्यावर. मी हार्मकडे बघितलं. तो केक बघत होता.

मी विचारलं, "म्हणून तूही माझं लिहिलं नाहीस?"

"तुझं? कुठे?"

"तुमच्या कॅलेंडरवर. तेवीस नोव्हेंबर."

"तुझा कशाला लिहायचा?" तो म्हणाला. "तो काय कोणी विसर..."

आणि तिथेच थांबला. तोंड अर्धं उघडं. एव्हेलीनची सुरी केकमध्ये तशीच राहिली. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग संडासाच्या दाराकडे, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चाळीस वर्षांचा माणूस, मांडीवर मुलगी. युडिथ त्याची बोटं एकेक करून बाजूला करत होती.

मग म्हणाला, "लाल पेन्सिलीने लिहिलं होतं मी."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. तीन रेघा व्यापून."

काचघरांचं विचारलं तर आधी त्याला कळेचना. "कोणती काचघरं? मला तर सुटल्यासारखं झालं होतं. सीबेने घेतली नसती तर पा-ने मलाच बोलावलं असतं." हे तुझ्यासाठी शब्दन् शब्द लिहिलंय.

मग मी हार्मची माफी मागितली, सगळ्यांसमोर. तर तो काय म्हणाला ठाऊक आहे? "मला वाटायचं, त्या दिवशी मी पोराला काहीतरी लागेल असं बोललो असणार. काय ते आठवत नव्हतं. पण तू इतक्यांदा म्हणालीस, म्हणजे बोललो असेनच." आणि बशी पुढे केली, अजून एक तुकडा मागायला. त्या माणसापुढे मला माझीच इतकी लाज वाटली आणि त्याची इतकी माया आली की मी त्याला माझाही तुकडा दिला.

वाउटर म्हणाला, मी आता घरी जाऊन त्याचं नाव लिहायचं नाही. रेघ रिकामीच ठेवायची. तेव्हा नेल, पेन ड्रॉवरमध्ये ठेवून दे. ऑगस्टमध्ये तिघं आल्समेरला येताहेत, तीन आठवडे. तुझ्याकडची घडीची खाट लागेल.

आम्ही रविवारी निघतो. पुढचं पत्र हायडेलबर्गच्या कॅम्पवर टाक.

तुझी,
तिनेके


आल्समेर
गुरुवार, २ मे

तिनेके,

पत्र काल आलं. पोस्टमन उभा होता तोवर मी धीर धरला, मग कुलूप काढून तुझ्या घरात गेले. माझ्या घरी सीबे आला होता, त्याच्यासमोर वाचायचं नव्हतं. तुझ्या संडासात बसून पत्र वाचलं आणि तिथेच पोटभर रडले. कोंबड्या बाहेर ओरडत होत्या, त्यांना काल चारा उशिरा मिळाला. तुला आल्यावर त्या सांगतीलच.

मग सीबेला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे वाउटर माझ्यावर चिडलेला नाही?" पाच वर्षं तोही हेच धरून बसला होता, आणि एका शब्दाने मला बोलला नाही. आपल्या घराण्यात तोंडं फक्त केक खायला दिलीत. ऑगस्टमध्ये वाउटरला काचघरं दाखवायची म्हणून तो आत्तापासून काचा पुसायला लागलाय. मी म्हटलं, अरे, त्याला ती नको होती, तुला ऐकू आलं का? तरी पुसतोय.

हार्मच्या कार्डाचं तुझं कोडं मात्र सोपं आहे. ज्यांची नावं लिहावी लागतात त्यांचीच कार्डं उशिरा जातात. तो दिवस उजाडल्यावर माणूस संडासात जाणार, मग बघणार, मग कार्ड आणायला धावणार. त्याला सांग, सत्तरीचा माणूस एवढ्यावरून फुगून बसत नाही.

खाट काढून झटकली, उन्हात ठेवली. पेन ड्रॉवरमध्ये आहे. एप्रिल उलटून मे केलाय, आणि सतराची रेघ आहे तशीच आहे. जेरेनियम जिवंत आहेत.

आता माझं एक काम आहे. काल रडून झाल्यावर मी कॅलेंडर पहिल्या पानापासून नीट वाचून काढलं. हार्म नाही, तू नाहीस, वाउटर नाही. आणि नऊ मार्चला मी आहे. ठळक, काळ्या शाईत, खाली रेघसुद्धा मारलीस. पाच वर्षं ती रेघ बघून मी मान समजत होते. सत्तेचाळीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतोय आपण, तिनेके. परत आलीस की आधी बॅगा उतरव, कॉफी घे, आणि मग ते पेन काढून माझं नाव तेवढं खोडून टाक.

नेल